विश्वजीतचा हिमालय

तासगावच्या पुढच्या त्या गावात आजही कुणालाही विचारा, हिमालय कोण चढलं? शेंबडं पोरसुद्धा सांगेल, विश्वजीत. शिखराला चांगलं नाव होतं, पण ते गावात कुणाच्या तोंडात बसलं नाही, म्हणून लोकांनी आख्खा हिमालयच विश्वजीतच्या नावावर करून टाकला. सातबाऱ्यावर नाव लागायला माणसाच्या चपला झिजतात. हे काम एका संध्याकाळी उरकलं. आणि जी बाई ते शिखर खरोखर चढली होती, ती त्या संध्याकाळी त्याच्या मागं दोन पावलं, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. ती त्याची बायको, रेश्मा.

ही गोष्ट शहाण्णव सालची. रेश्माचं माहेर सांगलीचं. कॉलेजात एनसीसी, त्यातून उत्तरेत जाऊन गिर्यारोहणाचे दोन कोर्स केलेले, दोन्हीत वरचा वर्ग. मग रीतीप्रमाणं लग्न झालं आणि ती द्राक्षबागायतदारांच्या घरात आली. तासगावच्या मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई म्हणून नोकरी धरली. शिट्टी वाजवून पोरींना मैदानाला चकरा मारायला लावायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या थापायच्या. डोंगर डोक्यातून गेला नव्हता, पण त्याबद्दल बोलायला घरात कुणी नव्हतं. एक सासरा सोडून.

सासरे जोतिबा म्हणजे सुभेदार होऊन निवृत्त झालेले. गाव त्यांना आबा म्हणायचं. बाग, बेदाण्याची शेड आणि मिश्या, तिन्ही झोकात ठेवणारा माणूस. "ही माजी सूनबाई न्हाई, जवान हाय," असं ते चारचौघांत सांगायचे. रेश्माला त्या वाक्याचा फार आधार वाटायचा.

साताऱ्याचे सोहनी सर दरवर्षी हिमालयात मोहीम काढायचे. परवाने, शेर्पा, तंबू, सगळी व्यवस्था त्यांची; सभासदानं आपला खर्च भरायचा आणि सरांच्या हुकमात चढायचं. रेश्मा त्यांना कोर्सपासून माहीत होती. त्या साली गंगोत्रीच्या वरच्या अंगाचं सात हजार मीटरच्या घरातलं शिखर त्यांनी धरलं आणि तिला निरोप पाठवला, येतेस का?

घरात बनुबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, डोक्याला हात लावला. "परक्या बाप्यांच्यात तंबूत निजायला आमच्या घरची सून? जग काय म्हनंल?"

आबांनी मिशीवर हात फिरवला आणि तोडगा काढला. "विश्वा जाईल की संगं. मग कोन काय म्हनतंय?"

विश्वजीतनं चटकन मान डोलावली. तो मनानं वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्याचा राग येणार आहे. पण त्याचं कशातच धड लागत नव्हतं. सैन्यभरतीला पळाला तो अर्ध्यात बसला. स्पेअर पार्टचं दुकान टाकलं, ते मोडलं. बागेत लक्ष घालतो म्हणाला तर गडी त्याला मागं टाकून आबांनाच विचारायला जायचे. सुभेदाराचा मुलगा म्हणून गावात हिंडायचं आणि तेवढीच आपली ओळख, हे त्याला आतून खात होतं. सोहनी सरांनी कुरकुर केली, पण बेस कॅम्पच्या वर पाठवणार नाही या बोलीवर त्यालाही घेतलं. दोघांचा खर्च आबांनी भरला, वर सगळ्या मोहिमेला पुरतील इतके बेदाणे दिले.

मग सरावाला दर रविवारी साताऱ्याला अजिंक्यतारा. रेश्मा पाठीवर बेदाण्याच्या भरल्या पेट्या बांधून गड चढायची, उतरायची, परत चढायची. विश्वजीत पहिल्या फेरीनंतर खाली टपरीवर भजी खात तिची वाट बघायचा. निघायच्या दिवशी गावानं निरोप समारंभ केला. सरपंच बाई होत्या, राखीव जागेवर निवडून आलेल्या, त्यामुळं त्या घरी होत्या आणि भाषण त्यांचे यजमान नानासो यांनी केलं. "आपला विश्वजीत हिमालयावर चाललाय, आन वयनीबी त्यांच्या सोबतीला हायेत!" विश्वजीतला फेटा, शाल, नारळ. रेश्माची खणानारळानं ओटी भरली. तेव्हा तिला हसू आलं होतं. फेट्यानं काय शिखर चढता येतंय का, असं तिनं मनातल्या मनात म्हटलं.

वर गेल्यावर विश्वजीत पहिले काही दिवस भलताच खुशीत होता. बेस कॅम्पावर शेर्प्यांना लावण्या म्हणून दाखवायचा, त्यांच्याशी फौजी हिंदीत गप्पा छाटायचा. तब्येत ठीक दिसली, हट्टही धरला, म्हणून सरांनी बोली मोडून त्याला दुसऱ्या कॅम्पपर्यंत येऊ दिलं. तिथं त्याला डोंगरानं धरलं. डोकं फुटायला आलं, तोंड सुजलं, पोटात पाणी ठरेना. सरांनी निर्णय दिला: सकाळी एक शेर्पा याला खाली नेईल, आणि रेश्मा, पासांग शेर्पा आणि मी वर सरकू.

त्या दुपारी तंबूत विश्वजीत तिचा हात धरून म्हणाला, "रेश्मा, तूबी चल की खाली."

"का? शेर्पा हाय ना तुमच्या संगं. उतरला की बरं वाटतंय, सर म्हणालेत."

"तसं न्हाई गं." त्यानं तिचा हात आणखी घट्ट धरला. "तू वर गेलीस आन मी खाली राह्यलो, तर मी गावात काय तोंड दाखवू?"

रेश्माला आधी त्याची कीव आली. मग असा संताप आला की हात काढून घ्यावासा वाटला. इथं श्वासाला श्वास लागत नाही, आणि या माणसाला गावातलं तोंड आठवतंय! पण तिनं त्याला घोट घोट सूप पाजलं, सकाळी त्याच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या, तो शेर्प्याच्या मागं वळणाआड जाईपर्यंत बघितलं, आणि पाठ फिरवून वर चालू लागली.

चढाईचं काय सांगावं. ज्यानं केली त्याला सांगायची गरज नसते आणि ज्यानं केली नाही त्याला फक्त थंडी किती होती एवढंच ऐकायचं असतं. सर शेवटच्या कॅम्पावर थांबले. पासांग आणि ती दोराला बांधून निघाले. बुटाला लावलेले काटे बर्फात रोवायचे, थांबायचं, धापा टाकायच्या, परत रोवायचे. शेवटच्या चढाला पासांग बाजूला झाला आणि हातानं खूण केली, दीदी, आप आगे. ती पुढं झाली. आणि मग पुढं काहीच उरलं नाही. रेश्मा तिथं गुडघ्यावर बसून हमसून हमसून रडली. जन्माला आल्यापासून तिच्या पुढं कुणी ना कुणी चालत होतं. बाप, भाऊ, नवरा. तिथं कुणी नव्हतं.

पासांगनं फोटो काढला. फुगलेलं जाड जॅकेट, डोळ्यावर काळा गॉगल, नाकाच्या वरपर्यंत ओढलेली माकडटोपी, हातात गावच्या तालीम मंडळाचा झेंडा. त्या कपड्यांच्या आत बाई आहे का बाप्या, हे ओळखायची काही सोय नव्हती.

खाली आल्यावर सर म्हणाले, "पुढच्या साली याहून मोठं शिखर आहे. तुझी जागा मी धरून ठेवतो." बेस कॅम्पावर विश्वजीत बरा होऊन बसला होता. त्यानं तिला सगळ्यांदेखत मिठी मारली आणि खरंच रडला. "लय भारी केलंस. घरी गेल्यावर मीच सांगनार सगळ्यास्नी. माज्या बायकोनं मारलं म्हनून."

आणि इथंच रेश्मा चुकली. सांगायचं काम तिनं नवऱ्यावर सोडलं. त्याच्या तोंडून आलं तर त्याचाही मान राहील, असा तिनं विचार केला. आपल्याकडच्या शहाण्यासुरत्या बायका ही चूक हमखास करतात.

मिरजेला गाडीतून उतरून जीपनं गावाच्या वेशीवर आले तर समोर ट्रॅक्टर सजवून उभा. हलगी कडाडत होती, शाळेची पोरं लेझीम घेऊन आलेली. गुलालानं रस्ता लाल झालेला. नानासोंनी पुढं होऊन विश्वजीतला फेटा बांधला, दोघा पैलवानांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि "हिमालयवीर विश्वजीतराव" अशा घोषणा सुरू झाल्या. रेश्माला बायकांनी घोळक्यात घेतलं. "लय थंडी वाजली का गं? आन जेवणाचं काय करत हुतीस?" मोहीम फत्ते झाली एवढंच सरांनी फोनवर सांगितलं असणार, बाकीचं गावानं आपलं आपण जोडून घेतलं, असं तिला वाटलं. तिला हसू आलं. आता हे खांद्यावरून उतरतील आणि सांगतील. लोकांची कशी फजिती होईल!

विश्वजीतनं खांद्यावरून एकदा तिच्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

दारात बनुबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आता सांगतील, आता सांगतील, असं म्हणत ती मागं उभी राहिली. उंबऱ्यावर, ओवाळणी चाललेली असताना, गावासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं; शिकवायला लागत नाही. तेवढा एक क्षण गेला, आणि गेला तो गेलाच. लोक आत आले, चहा झाला, पेढे वाटले गेले, आणि प्रत्येक पेढ्याबरोबर ती गोष्ट घट्ट होत गेली.

पुढच्या आठवड्यात पासांगनं काढलेला फोटो सांगलीहून मोठा करून, फ्रेम घालून, सोप्यात दर्शनी भिंतीवर लागला. बनुबाई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या, "ह्यो आमचा विश्वा. आन ही व्हती की खाली, सैपाकाला." शाळेत पोरी विचारायच्या, "बाई, तुमच्या मिस्टरांस्नी भ्या वाटलं न्हाई?" रेश्मा शिट्टी तोंडात धरायची आणि पोरींना पळायला लावायची. स्वतःच्याच फोटोवरची धूळ ती रोज सकाळी फडक्यानं पुसत होती. आणि रोज सकाळी ते फडकं नवऱ्याच्या तोंडावर फेकून मारावं, असं तिला वाटत होतं.

एकदा बागेत एकटा सापडला तेव्हा तिनं त्याला धरलं. "आवं, तुमी सांगणार हुता."

विश्वजीत वेलीची पानं उगाच उलटीपालटी करत राहिला. "आता कसं सांगू? लोकं शेण घालतील तोंडात." मग एकदम त्याला सुचलं. "गाव सत्कार ठेवतंय, त्याला सोहनी सर येनार हायेत. सरांनी माईकवरनं सांगितलं की झालं! मोठ्या मानसानं सांगितलं म्हंजी तेवढं वाईट दिसत न्हाई. मी मदी पडनार न्हाई, आईशप्पत."

त्या सत्कारावर रेश्मानं सगळा जीव टांगला. तिला हार नको होता, फेटा नको होता. एकदाच, माईकवरून, नाव घेऊन कुणीतरी म्हणावं, रेश्मा चढली. म्हणजे पुढच्या सालच्या शिखरावर ती कुणाची सोबत म्हणून नाही, तर चढणारी म्हणून जाईल. एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिचंच होतं.

सत्कार बेदाण्याच्या शेडमध्ये ठेवला होता. हंगाम संपल्यामुळं शेड रिकामी. जाळ्या गुंडाळून बाजूला केल्या, स्टेज बांधलं, भाड्याच्या खुर्च्या मांडल्या. सोहनी सर सकाळीच आले. सोप्यातल्या फोटोसमोर थांबले, खालची विश्वजीतच्या नावाची पट्टी वाचली आणि चमकून रेश्माकडं बघितलं. कळलं यांना! आता काळजी नाही. तेवढ्यात आबा आले आणि "चला सर, बाग दाखवतो," म्हणून सरांना घेऊन गेले. दोघं जेवणाच्या वेळेपर्यंत बागेतच होते.

कार्यक्रम जोरात झाला. विश्वजीतला फेटा, शाल, चांदीचं नाणं. रेश्माला स्टेजवर बोलावून सरपंचबाईंच्या हातून ओटी. त्या दिवशी त्या आल्या होत्या, ओटी भरायला बाई लागते म्हणून. मग सर उठले. रेश्मा ओटीतला नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. सर हिमालयाबद्दल बोलले, सातारा-सांगलीच्या रक्ताबद्दल बोलले, आणि मग म्हणाले, "या घरानं डोंगराला दोन माणसं दिली. या जोडप्यानं हे शिखर सर केलं, याचा मला अभिमान वाटतो."

टाळ्या पडल्या. नानासोंनी माईक ओढून घेतला. "जोडप्यानं म्हंजी चढलं विश्वजीतच, पन सरांनी वयनीस्नीबी मान दिला. मोठ्या मनाचा मानूस!" लोक हसले. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. विश्वजीत फेट्याचा शेमला सारखा करत होता.

सर जीपमध्ये बसायच्या आधी रेश्मानं त्यांना गाठलं. "सर, तुम्ही तरी... गावाचा गैरसमज झालाय, तुम्हाला दिसलं ना?"

"गैरसमज?" सरांनी चष्मा काढला. "रेश्मा, मी उत्तरकाशीला पोचलो त्याच दिवशी फोन केला होता. तुझ्या सासऱ्यांनीच घेतला. मी तुझं नाव घेऊन सांगितलं. रेश्मा चढली, विश्वजीत आजारी होता, आता बरा आहे. त्यांनी मला परत म्हणून दाखवलं."

"मग आज का नाही सांगितलंत?"

सरांनी बागेकडं बघितलं. "पुढच्या मोहिमेचे तंबू, दोर, सगळ्याचा खर्च तुझे सासरे करणार आहेत. तूही समजून घे. आणि मी जोडपं म्हणालो की." असं म्हणून शेवटच्या कॅम्पावर शिखराकडं दुर्बीण लावून बसलेला तो माणूस खाली मान घालून जीपमध्ये बसला.

शेडमध्ये खुर्च्या टेम्पोत भरायचं काम चाललं होतं. आबा एकटेच स्टेजपाशी उभे होते. रेश्मा सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर कधी खाली पडला ते तिला कळलंही नाही.

"आबा, तुमाला ठावं हुतं."

आबांनी नाही म्हटलं नाही. तेवढा फौजी त्यांच्यात शिल्लक होता. "व्हय. फोन ठेवला तवा माजी छाती भरून आली, पोरी. घरात कोन नव्हतं. मी उभं राहून भिंतीला सॅल्यूट ठोकला, देवाशप्पत. मग बाहेर आलो. कट्ट्यावर मंडळी बसलेली. म्हनली, काय आबा, चढला का विश्वा?" त्यांनी रिकाम्या स्टेजकडं बघितलं. "त्येंनी 'विश्वा' म्हनून इचारलं. मी व्हय म्हनालो."

"का?"

"आजवर त्या पोराला कुनी कवा खांद्यावर घेतलंय? भरतीत पडला, धंद्यात पडला. बापाच्या नावावर जगतंय. तू काय, आनखी धा डोंगर चढशील. तुला त्याची गरज न्हाई. त्याला हाय."

त्यांचा आवाज मऊ होता. हे सांगताना त्यांना खरंच वाटत होतं की आपण सुनेचं कौतुक करतोय, आणि रेश्माला सगळ्यात जास्त तेच लागलं. सासू बोलली ते तिनं गिळलं होतं, नवरा गप्प बसला तेही गिळलं होतं. या माणसानं तिला जवान म्हटलं होतं.

"मलाबी गरज हुती, आबा," ती म्हणाली. "बरं, धा ऱ्हाऊ द्या. पुढच्या साली एकच. मला एकटीला पाठवा सरांच्या संगं."

आबांनी मिशीवर हात नेला आणि तसाच खाली आणला. "एकटीला कसं जमंल? लोकं इचारतील, विश्वा का न्हाई गेला म्हनून. आन त्याला पाठवायचं तर..." त्याला पाठवायचं तर तो मरेल, हे दोघांनाही माहीत होतं.

म्हणजे सरांनी धरून ठेवलेली जागा तशीच राहणार. तो जाऊ शकत नाही, आणि तो जात नाही म्हणून तीही जाऊ शकत नाही. नुसतं पुढच्या सालीच नव्हे, कधीच नाही. हे खोटं बोलताना आबांना एवढं कळलं नसेल असं थोडंच आहे? सुभेदार होते ते, पुढच्या चार चाली बघून हुकूम देणारे.

"जाऊ दे पोरी," आबा म्हणाले. "पावनं अजून सोप्यात बसल्यात. चा ठेव जा."

"ह्यास्नी सांगा ठेवायला," रेश्मा म्हणाली. "हिमालय चढल्यात ते. चूल पेटवाय जमंल की."

आणि ती तिथंच, टेम्पोत चढायच्या राहिलेल्या एका खुर्चीवर, ओटीतला नारळ पायाशी ठेवून बसली. खुर्च्या उचलणारे गडी आले, तिला बघून घुटमळले आणि दुसरीकडं वळले. आबा काही वेळ उभे राहिले, मग घराकडं गेले. चहा शेवटी बनुबाईंनी केला.